अमृता प्रीतम, गुरुमुखीचा कायदा आणि पीएच.डी.चे कागद

२०२५ च्या जानेवारीत माझी पीएच.डी.ची मौखिक परीक्षा झाली. तेव्हापासून ओळखीपाळखीतून फोन येतात. ‘अमृता प्रीतमवर काहीतरी करायचंय, पण सुरुवात कुठून करू?’, ‘पंजाबी येत नाही तर चालेल का?’, ‘मराठी विभाग असा विषय देतो का?’ प्रत्येकीला तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं क्रमाने लिहून काढते. मी नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. नोंदणी नांदेडबाहेरच्या एका विद्यापीठात होती. त्याचं नाव लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे असंच चालतं.

२०१७ च्या उन्हाळ्यात ‘पेट’चा, म्हणजे पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरला. माझी नेट-सेट झालेली नव्हती, त्यामुळे प्रवेश परीक्षेतून सुटका नव्हती. निम्मा पेपर संशोधन पद्धतीवर आणि निम्मा विषयावर, आणि उत्तीर्ण व्हायला पन्नास टक्के (राखीव गटांना सवलत असते). विषयाच्या भागाला आपण घाबरत नाही, पण गृहीतक, चल, नमुना निवड हे शब्द एम.ए.ला कुणी शिकवलेले नसतात. तेव्हा अभ्यास करायचा तो पहिल्या भागाचा. फीचे हजारेक रुपये गेले. निकाल लागून मुलाखतीचं पत्र हातात पडेपर्यंत २०१८ उजाडलं.

पंजाबी कवयित्री अमृता प्रीतम मला हिंदीतून भेटली होती. कॉलेजात असताना तिचं ‘रसीदी टिकट’ हे आत्मकथन वाचलं आणि त्या वयात सगळ्यांचं होतं तेच माझंही झालं. तिचा प्रिय शायर साहिर, त्याने अर्धवट ओढून टाकलेल्या सिगारेटी, तिचा चित्रकार सोबती इमरोज, त्याच्या स्कूटरवर मागे बसून त्याच्या पाठीवर बोटाने लिहिलेलं साहिरचं नाव. कवितेची ओळही पाठ नव्हती, पण ही बाई मात्र पाठ होती. मुलाखतीला जाताना विषयाचा जो प्रस्ताव नेला तो असा: ‘अमृता प्रीतम : व्यक्ती आणि वाङ्मय’. मराठी विभागांच्या कपाटांत अशा नावाचे प्रबंध खचाखच भरलेले असतात, म्हणून मला ते सुरक्षित वाटलं होतं.

समितीतल्या एका सरांनी विचारलं, ‘म्हणजे ती ऊर्मिला मातोंडकरच्या पिक्चरची लेखिका ना?’ (‘पिंजर’, २००३. हो, तीच. कादंबरी १९५० ची.) दुसऱ्यांचा प्रश्न खरा होता: पंजाबी कवयित्रीवर मराठी विभागात प्रबंध का? आणि बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी शांतपणे म्हटलं, ‘यात व्यक्ती वाङ्मयाला खाऊन टाकेल. तुमच्या प्रस्तावात तेरा वेळा इमरोज आला आहे आणि एकाही कवितासंग्रहाचं वर्ष नाही.’

प्रस्ताव परत आला. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तोडगा काढला तो तुम्हालाही उपयोगी पडेल: मराठी विभागात परभाषक लेखक घ्यायचा असेल तर विषय तौलनिक करा आणि कालखंड आखून घ्या. आम्ही इंदिरा संत सोबत घेतल्या. दोघींचा काळ एक. अमृताचा ‘सुनेहड़े’ आणि इंदिराबाईंचा ‘मेंदी’ हे दोन्ही संग्रह १९५५ चेच. आणि दोघींच्या कवितेवर त्यांच्या आयुष्याची सावली इतकी दाट पडलेली, की एकीची कविता म्हणजे साहिर आणि दुसरीची म्हणजे वैधव्य, एवढ्यावरच वाचक थांबतो. कालखंड ठरला १९३६ ते १९५७. मे २०१८ मध्ये मान्यतेचं पत्र आलं. त्यावरची तारीख जपून ठेवा, पुढची सगळी मुदत तिथून मोजली जाते.

या पत्रात एक अट होती: ‘संशोधकाने मूळ भाषेचे कार्यसाधक ज्ञान संपादन करावे.’ तेव्हा ही अट जाचक वाटली. आज वाटतं, तेवढी एक ओळ नसती तर मी पुन्हा हिंदीतली अमृताच वाचत बसले असते.

नांदेडमध्ये वाढलेल्या माणसाला गुरुमुखी, म्हणजे पंजाबीच्या लिपीतली, अक्षरं लहानपणापासून दिसत असतात. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या कमानींवर, यात्री निवासांवर, दुकानांच्या पाट्यांवर. मी ती नक्षी पाहावी तशी पाहत आले होते. शेजारच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्या लग्न होऊन पंजाबातल्या दोआब्यातून इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. मी त्यांना भैणजी म्हणायची. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘लिहायचं भैणजी, म्हणायचं पैणजी.’ पंजाबीत शब्दाच्या सुरुवातीला घ, झ, ढ, ध, भ लिहिलेलं असलं तरी उच्चारात तो हकार उरत नाही, त्याच्या जागी आवाज खाली उतरतो. पुस्तकातून हे कळणं अवघड. म्हणून तुम्हीही कुणीतरी बोलणारं माणूस शोधाच.

त्यांनी हातात लहान मुलांचा कायदा दिला. कायदा म्हणजे आपली अंकलिपी. गुरुमुखीची मूळ अक्षरं पस्तीस, म्हणून तिला ‘पैंती’ म्हणतात, आणि पुढे खाली बिंदू दिलेली आणखी काही. देवनागरी येणाऱ्याला वाटतं, हे काय, आठवड्यात होईल. पण ओळखीचे चेहरेच दगा देतात. गुरुमुखीतला ‘स’ हुबेहूब आपल्या ‘म’सारखा आणि ‘ध’ आपल्या ‘प’सारखा. टिप्पी आणि बिंदी ही दोन अनुस्वारांची चिन्हं, आणि अद्धक नावाची छोटी चंद्रकोर, जी पुढचं अक्षर दुप्पट करते. ‘अज्ज’ (आज) मधला दुसरा ‘ज’ असा त्या चंद्रकोरीतून येतो. रोज संध्याकाळी थोडा वेळ दिला तर दोन-तीन महिन्यांत अडखळत का होईना वाचता येतं. अर्थासाठी पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाचा पंजाबी-इंग्रजी कोश आणि जुन्या शब्दांसाठी भाई काहनसिंग नाभा यांचा ‘महान कोश’ हे दोन जवळ ठेवा. लिप्यंतराची सॉफ्टवेअरं आहेत, चांगली आहेत, पण सुरुवातीला टाळा. ती वापरली की डोळे गुरुमुखीवर पडतच नाहीत.

त्याच वर्षी कोर्सवर्क, म्हणजे पीएच.डी.चा सक्तीचा अभ्यासक्रम, उरकलं. फी पाच हजारांच्या घरात होती. संशोधन पद्धती, संगणक, प्रकाशन नैतिकता. पंचावन्न टक्के मिळवावे लागतात, मिळतात. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. हजेरीचा दाखला आणि गुणपत्रक मात्र त्याच दिवशी स्कॅन करून ठेवा, पुढे चार ठिकाणी मागतात.

वाचायला मी क्रमाने घेतलं, आणि तोच सल्ला देईन. अमृताचा जन्म ३१ ऑगस्ट १९१९ चा, गुजरांवाल्याचा. आई राज बीबी शिक्षिका. वडील करतार सिंग हितकारी कवी, ब्रजभाषेचे अभ्यासक, धर्मप्रचारकही. अकराव्या वर्षी आई गेली. मुलीने देवाची मनापासून विनवणी केली होती आणि तरी आई गेली, तेव्हापासून तिचा आणि प्रार्थनेचा संबंध तुटला. आजीच्या स्वयंपाकघरात वडिलांच्या मुसलमान मित्रांसाठी तीन ग्लास वेगळे ठेवलेले असत, आणि त्या तीन ग्लासांसाठी तिने घरात पहिलं भांडण केलं. पुढे बापलेक लाहोरला गेले. १९३६ साली पहिला संग्रह आला, ‘अमृत लहरां’, आणि त्याच वर्षी अनारकली बाजारातल्या व्यापारी घराण्यातल्या प्रीतम सिंग यांच्याशी लग्न. अमृता कौरची अमृता प्रीतम झाली.

हा पहिला संग्रह वाचताना मी निराश झाले. वडिलांच्या छायेतली, सद्गुणांची, घोटीव कविता. ‘रसीदी टिकट’ची बाई इथे कुठेच नाही. मग १९४४ चा ‘लोक पीड़’ उघडला. बंगालच्या दुष्काळानंतरचा हा संग्रह आणि इथे आवाजच वेगळा. या आठ वर्षांत काय झालं? साहिरची भेट, असं उत्तर तयार असतं. पण त्याच काळात लाहोरात पुरोगामी लेखकांची चळवळ होती, महायुद्धाची महागाई होती, १९४३ चा दुष्काळ होता. हा फरक दाखवताना माझं एक अख्खं प्रकरण खर्ची पडलं आणि त्यात साहिर एका तळटीपेत आहे. मॅडमनी त्या तळटीपेपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती.

३१ ऑगस्ट २०१९ ला अमृताची जन्मशताब्दी आली. गुगलने डूडल केलं आणि सकाळपासून माझा फोन संदेशांनी भरून गेला, ‘तुझी अमृता!’ सगळे त्याच अर्धवट सिगारेटींचे. एकानेही कवितेची ओळ पाठवली नाही. मला राग आला होता, पण खरं तर मीही तिथूनच आले होते.

त्या दिवाळीच्या सुट्टीत दिल्ली गाठली. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस सकाळी निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्लीला पोचवते. स्लीपरचं भाडं सातशेच्या आत होतं. त्या नोव्हेंबरात गुरू नानकांची साडेपाचशेवी जयंती होती आणि पाकिस्तानातल्या कर्तारपूरच्या गुरुद्वाऱ्याचा रस्ता खुला होणार होता, त्यामुळे गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. तिकीट वेळेवर काढा, आणि सोबत ताटली, वाटी, पेला न्या. या गाडीला वाटेतल्या काही स्टेशनांवर लंगर मिळतो. गाडी थांबली की सेवेकरी बादल्या घेऊन धावत येतात आणि खिडकीतून वरण-भाजी वाढतात. भांडं नसेल तर नुसतं बघत बसावं लागतं.

दिल्लीत धुरकं एवढं होतं की शाळा बंद ठेवल्या होत्या. मंडी हाउस मेट्रोला उतरलं की चालत फिरोजशाह रोडवर रवींद्र भवन लागतं. साहित्य अकादमीचं ग्रंथालय तिथे आहे, आणि चोवीस भाषांची पुस्तकं एका छताखाली ही आपल्यासारख्यांसाठी फार मोठी सोय आहे. विभागप्रमुखांचं पत्र, मार्गदर्शकांचं पत्र, विद्यापीठाचं ओळखपत्र आणि आधारची प्रत एवढं जवळ ठेवा. पत्रावर जावक क्रमांक आणि गोल शिक्का असलाच पाहिजे, दिल्लीत शिक्क्याला फार मान आहे. ‘सुनेहड़े’ला अकादमीचा पुरस्कार १९५६ चा, आणि हा पुरस्कार मिळवणारी कोणत्याही भाषेतली ती पहिली स्त्री. त्याच संस्थेच्या वाचनकक्षात तो संग्रह गुरुमुखीतून, बोट ठेवून, ओठ हलवत वाचताना समोरचे गृहस्थ पुन्हा पुन्हा मान वर करून माझ्याकडे बघत होते. मोठ्या बाईने पहिलीतल्यासारखं वाचणं त्यांना नवीन असावं.

‘नागमणी’चे जुने अंकही चाळले. हे मासिक अमृता आणि इमरोज यांनी १९६६ पासून तीस वर्षांहून अधिक काळ चालवलं. मजकूर ती बघायची, मुखपृष्ठं आणि रेखाटनं त्याची. माझ्या कालखंडाच्या ते पूर्ण बाहेर. तरीही अर्धा दिवस त्यात गेला. पिवळ्या पडलेल्या कागदावर नवोदितांच्या कविता, कुठल्या कुठल्या खेड्यांतून आलेल्या. इमरोजच्या पाठीवर काय लिहिलं होतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण या दोघांनी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कविता छापल्या हे फार थोडे जण सांगतात.

जाता जाता एक टीप: हौज खासमध्ये अमृताचं घर शोधायला जाऊ नका. ते २०११ च्या सुमारास पाडलं गेलं. मी गेले, रिक्षाचे पैसे गेले, घसा बसला.

मार्च २०२० नंतरचं सगळ्यांना माहीतच आहे. ग्रंथालयं बंद, सहामाही प्रगती अहवाल ऑनलाइन. हे अहवाल वेळेवर देत चला. संशोधन सल्लागार समितीसमोर दर सहा महिन्यांनी हजर होऊन काय केलं ते सांगायचं असतं. आणि एक अहवाल राहिला की शेवटी प्रबंध जमा करताना तो हिशेब निघतो. कोविडमुळे मुदतवाढीची परिपत्रकं आली. महिलांना मूळ सहा वर्षांवर दोन वर्षांची सवलतही आहे. ती मागायला संकोच करू नका, ती नियमात आहे. चंदीगडच्या पंजाब डिजिटल लायब्ररीचं संकेतस्थळ त्या काळात कामाला आलं.

आणि भैणजी होत्या. अंगणात अंतर ठेवून, तोंडाला ओढणी गुंडाळून आम्ही ‘अज्ज आखां वारिस शाह नूं’ (आज वारिस शाहला म्हणते) वाचायला घेतली. ही कविता फाळणीनंतरची. लाहोर सोडून अमृता डेहराडूनला आली होती, कामाच्या शोधात दिल्लीला जाऊन परतत होती. रात्रीची आगगाडी आणि हाती लागलेल्या कागदावर लिहिलेल्या ओळी, ही हकिकत सर्वांना ठाऊक असते. वारिस शाहने अठराव्या शतकात ‘हीर’, म्हणजे हीर-रांझ्याची प्रेमकथा, लिहिली. अमृता त्याला कबरीतून हाक मारते: पंजाबची एक लेक रडली तेव्हा तू केवढं लिहिलंस, आज लाखो लेकी रडताहेत. पाच नद्यांच्या पाण्यात कुणीतरी विष कालवलं आहे, चिनाब रक्ताने भरली आहे. इथवर मी अनेकदा वाचलं होतं. भाषणांमध्येही इथवरच म्हणतात.

भैणजी थांबल्या त्या पुढच्या ओळींवर. गळ्यातली गाणी तुटली, चातीवरचा धागा तुटला, त्रिंजणातल्या मैत्रिणी पांगल्या आणि चरख्याची घरघर बंद झाली. त्रिंजण म्हणजे गावातल्या मुलींनी एकत्र जमून सूत कातायचं ठिकाण. भैणजींनी लहानपणी ते पाहिलं होतं. त्यांनी डाव्या हाताच्या चिमटीत नसलेला धागा धरला, हात कानामागे वर वर नेला आणि घशातून चरख्याचा आवाज काढला, एकसुरी, लांबणारा. मग हात एकदम खाली टाकला. ‘असं तुटायचं,’ म्हणाल्या. ‘तुटलं की सगळ्या हसायच्या, आणि जिचा तुटला ती पुन्हा जोडायची. ही म्हणते, जोडायला कुणी राहिलीच नाही.’

कवितेत प्रेतं आहेत, रक्त आहे. पण तिचा खरा कणा ही कातणाऱ्या मुलींची बैठक आहे, हे मला तोवर दिसलं नव्हतं. जात्यावर ओव्या ऐकलेल्या घरात मी वाढले. बायकांचं काम आणि बायकांचं गाणं एकाच दांड्याला धरलेलं असतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. फाळणीत काय मोडलं, तर ते दांड्याला धरलेले हात. तिसरं प्रकरण या एका संध्याकाळीतून निघालं आणि इंदिरा संतांच्या कवितेतल्या घरकामाच्या प्रतिमा त्याच्यासमोर ठेवल्या तेव्हा तुलना ओढूनताणून करावी लागली नाही.

‘मजबूर’ ही कविता मात्र भैणजींनी मोठ्याने वाचली नाही. अत्याचारातून राहिलेल्या गर्भाच्या तोंडची ती कविता आहे, ज्याच्या आईची कूस लाचार होती. मी वाचत होते, त्या भिंतीकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, ‘आमच्या गावात होत्या अशा. कुणी नाव घेत नसे.’ पळवलेल्या स्त्रियांना ‘परत आणण्याचा’ कायदा १९४९ चा, आणि त्यांची मुलं कुणाची हा प्रश्न कायद्याला सुटला नाही. अमृताने तो मुलाच्याच तोंडी घातला होता. ‘अन्नदाता’ही त्याच पठडीतली. जिभेवर तुझं मीठ आहे, मी बोलू कशी, असं विचारणारी बाई. या कविता वाचल्यावर ‘प्रेमाची कवयित्री’ हे लेबल कुणी चिकटवलं याचं नवल वाटतं.

एकदा आम्ही माझ्या कालखंडाबाहेर जाऊन ‘नौ सुपने’ वाचली. गुरू नानकांच्या पाचशेव्या जयंतीच्या सुमाराची, १९६९ ची कविता. नानकांची आई तृप्ता हिला गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत पडलेली नऊ स्वप्नं. तेव्हा त्या कवितेवर टीका झाली होती, गुरूंच्या आईला असं शरीरासकट दाखवलं म्हणून. मला धास्ती होती. भैणजी रोज पहाटे गुरुद्वाऱ्यात जाणाऱ्या. त्यांनी पूर्ण ऐकली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, ‘आईच होती ना ती.’ आणि चहा टाकायला आत गेल्या.

लिहिताना सगळ्यात जास्त वेळ ‘रसीदी टिकट’ने घेतला. १९७६ चं हे आत्मकथन. खुशवंत सिंग थट्टेने म्हणाले होते की तुझी कहाणी ती काय, रेव्हेन्यू स्टँपच्या मागे मावेल, त्यावरून हे नाव. आपल्या आयुष्याबद्दल बाई इतकं देखणं लिहिते की अभ्यासक तिचंच बोट धरून चालतो. मी एक नियम केला: कवितेचा अर्थ आधी कवितेतून, मग समकालीन घटनांतून, आणि आत्मकथनाचा दाखला सगळ्यात शेवटी. १९५५ मधल्या कवितेबद्दल १९७६ मधली बाई काय म्हणते, हे साक्षीपुराव्यासारखं तपासून घ्यायचं. हा नियम मी प्रस्तावनेत लिहून टाकला. मौखिकीत त्याचा फार उपयोग झाला.

२०२३ च्या पावसाळ्यात पूर्व-सादरीकरण, म्हणजे प्रबंध जमा करण्याआधीचं सादरीकरण, झालं. एका सदस्यांनी विचारलं, गुरुमुखी मजकूर छापायचाच कशाला, इथे वाचणार कोण? तडजोड अशी निघाली: मूळ गुरुमुखी परिशिष्टात, मुख्य मजकुरात देवनागरी लिप्यंतर आणि खाली माझा गद्य भावार्थ. तुमच्यावर ही वेळ आली तर वाद घालत बसू नका, परिशिष्ट मागून घ्या. टंकलेखन युनिकोडमध्येच करा. मराठीत आपण जुन्या फॉन्टांनी जो त्रास काढला तोच पंजाबीतही आहे. कुणी पाठवलेली फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. माझ्या डीटीपीवाल्या दादांच्या संगणकावर गुरुमुखीचे चौकोन उमटत होते. ‘रावी’ फॉन्ट टाकला, पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत केला, मग झेरॉक्सच्या दुकानातही ओळी शाबूत राहिल्या.

वाङ्मयचौर्य तपासणीत दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. अवतरणं आणि संदर्भसूची त्यातून वगळली जातात, पण ती अवतरणचिन्हांत नीट असतील तरच. कवितेच्या ओळी मोकळ्या सोडल्या तर यंत्र त्या तुमच्याच नावावर चोरी म्हणून मांडतं.

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईत इमरोज गेले, सत्त्याण्णव्या वर्षी. मी अंतिम मुद्रितं तपासत होते. पुन्हा तेच संदेश, तीच स्कूटर. या वेळी मला राग आला नाही. त्यांच्या ‘नागमणी’च्या मुखपृष्ठांबद्दल दोन ओळी लिहून मी सगळ्यांना पाठवल्या. तिघींनी विचारलं, नागमणी म्हणजे काय.

फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रबंध जमा केला. सादरीकरण शुल्क बारा हजार, बांधणीला प्रतीमागे तीनशे. ग्रंथालय, वसतिगृह (जिथे मी कधी राहिले नाही), लेखा शाखा अशा ना-हरकत दाखल्यांचा एक कागद असतो. तो सोमवारी सकाळी घेऊन निघा, शुक्रवारी दुपारी अजिबात नको. नियमानुसार मूल्यमापन सहा महिन्यांत व्हायचं असतं. माझा एक अहवाल लवकर आला, दुसऱ्यासाठी दिवाळी उलटली. या काळात दर आठवड्याला फोन करून काही होत नाही. परीक्षा विभागात महिन्यातून एकदा लेखी विचारणा करा आणि पोच घ्या. तौलनिक विषयात परीक्षक मिळणंही जिकिरीचं, कारण प्रबंध मराठीत असतो. गोवा, बडोदा, हैदराबाद, दिल्ली इथल्या विद्यापीठांतले मराठीचे प्राध्यापक डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे राज्याबाहेरच्या परीक्षकाची अट अडत नाही.

मौखिकी खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. भैणजी आल्या होत्या, मागच्या रांगेत. परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला: ‘साहिर लुधियानवी वगळून “सुनेहड़े” वाचता येतो का?’ मी म्हटलं, वगळायची गरज नाही, पण त्याला दारातच बसवून ठेवायची तर आहे. हशा झाला, मग तासभर खरी चर्चा झाली. एका ठिकाणी त्यांनी मला मूळ ओळी वाचायला सांगितल्या. मी वाचल्या. मागून भैणजींनी एका उच्चारावर जोरात ‘हूं’ केलं, तेव्हा मी तो शब्द पुन्हा म्हटला.

अधिसूचना महिनाभरात निघाली. एकूण खर्च, प्रवास आणि पुस्तकं धरून, ऐंशी हजारांच्या पुढे गेला. त्यात सात वर्षांची वार्षिक फी सगळ्यात मोठी. आता काही जण विचारतात, कवितांचे भावार्थ पुस्तकरूपाने का काढत नाहीस. अभ्यासासाठी आणि समीक्षेसाठी ओळी उद्धृत करायला कायद्याची मुभा आहे, पण अख्ख्या कवितांचा अनुवाद छापायचा तर हक्कधारकांची परवानगी लागते. अमृता गेली ३१ ऑक्टोबर २००५ ला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०६५ संपेपर्यंत. तेव्हा आधी पत्रव्यवहार, मग अनुवाद. माझं पहिलं पत्र गेलं आहे, उत्तराची वाट पाहते आहे.

प्रबंध ‘शोधगंगे’वर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर, चढला आहे, कुणालाही फुकट वाचता येतो. पहिलं प्रकरण सोडून द्या, ते पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणून नियमापुरतं आहे. थेट तिसऱ्यापासून सुरू करा, आणि परिशिष्टातल्या गुरुमुखीत काही चुकलेलं दिसलं तर कळवा.